समच्छेदाची कोडी कशी बनवायची? माझ्या कोड्यात साडेसात मुलं निघाली

खडूफळा

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पाचवी-सहावी माझ्याकडे एकत्र बसतात, दोन्ही मिळून पट २३. येत्या २२ डिसेंबरला गणित दिन, म्हणजे रामानुजन जयंती. दरवर्षी फोटोला हार, दोन भाषणं, सरबत आणि घरी, असं होतं, यंदा म्हटलं एक अख्खा तास कोड्यांचा ठेवू. विषय घेतलाय अपूर्णांक, त्यातही भिन्नछेदाची बेरीज, कारण आमची गाडी तिथेच रुतलीय. १/२ आणि १/३ ची बेरीज विचारा, निम्मा वर्ग छातीठोकपणे २/५ सांगतो. अंशात अंश, छेदात छेद, मोकळे.

तर रंगीत तालीम म्हणून मी काल स्वतः एक कोडं केलं. "मैदानावर ३० मुलं होती. निम्मी लंगडी खेळत होती, १/४ लगोरी, १/५ विटीदांडू आणि बाकीची झाडाखाली बसली होती, तर झाडाखाली किती?" फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, खाली झाड पण काढलं. मागच्या बाकावरचा एक उठला, "बाई, लगोरी साडेसात जण खेळतायत. अर्धा मुलगा कुठला घ्यायचा, वरचा का खालचा?" झालं. पुढची वीस मिनिटं वर्गात वरचा-खालचा एवढंच चाललं होतं, मला पण हसू आवरेना.

घरी येऊन ३० चे ४० केले, तर सगळं नीट बसलं, २०, १०, ८ आणि उरले २. पण मग लक्षात आलं की यात समच्छेद करायची वेळच येत नाही! पोरं ४० ला २ ने, ४ ने, ५ ने भागणार, बेरीज करून वजा करणार आणि मोकळी होणार. म्हणजे कोडं अपूर्णांकाचं दिसतं पण आहे भागाकाराचं.

कोडं असं पाहिजे की समच्छेद केल्याशिवाय सुटूच नये, आणि उत्तरात अर्धी मुलं, पाऊण शेळ्या येऊ नयेत. अशी कोडी बनवायची काही युक्ती असते का, का लोक आकडे घालून घालून बघतात? मी काल रात्री अकरापर्यंत तेच केलं.

उंटावरचा शहाणा

बाई, अर्धा मुलगा भारी आहे 😄

युक्ती आहे आणि सोपी आहे. आपण काय करतो, आधी गोष्ट लिहितो, मग त्यात आकडे कोंबतो. उलटं करायचं. आधी छेद ठरवायचे, त्यांचा लसावि काढायचा, आणि मग त्या लसाविच्या अंगाला गोष्ट शिवायची. तुमचे छेद २, ४, ५. लसावि २०. म्हणजे मुलांची संख्या २० च्या पटीत असेल तरच सगळी मुलं अख्खी राहणार, ३० घेतलीत तिथेच तो बिचारा कापला गेला.

आता दुसरी गोष्ट, एकूण आकडा द्यायचाच नाही, तो लपवायचा. द्यायचं काय, तर फक्त उरलेले किती ते. "निम्मी लंगडी, पाव लगोरी, पाचवा हिस्सा विटीदांडू, आणि २ मुलं झाडाखाली भांडत होती. एकूण मुलं किती?" आता भागायला काही हातातच नाही. १/२, १/४, १/५ एकत्र केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, १०/२० + ५/२० + ४/२० = १९/२०, म्हणजे उरला १/२०, तो जर २ मुलं तर सगळी ४०. तुमचंच कोडं, तेच आकडे, फक्त ४० झाकून ठेवलं आणि २ उघडं केलं.

आणि गंमत सांगू का, तुमच्या हाताला नकळत उंटाचं कोडं लागलंय. ते जुनं माहिती असेलच, बाप १७ उंट ठेवून जातो, थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. १७ चे निम्मे होत नाहीत म्हणून भांडण. मग एक शहाणा आपला उंट त्यात सोडतो, झाले १८, वाटले ९, ६, २, बेरीज १७, आणि शहाणा आपला उंट घेऊन चालता होतो. सगळी जादू एवढीच की १/२ + १/३ + १/९ ही बेरीज १ होतच नाही, १७/१८ होते. बापाने अठरावा हिस्सा कुणालाच दिलेला नाही! पोरांना शेवटी हाच प्रश्न विचारायचा, की मग वडिलांचं मृत्युपत्र चुकलं होतं का. त्यावर जी जुंपते ती बघण्यासारखी असते.

तुमचं २-४-५ पण तसंच आहे, १९ उंट, एक उसना, १०, ५, ४. तिघांचे हिस्से वेगवेगळे, प्रत्येकाचा अंश १, आणि उसना उंट एकच, एवढ्या अटी घातल्या तर अशी त्रिकुटं बरोबर सातच निघतात. २-३-७ ला ४१ उंट लागतात, २-३-८ ला २३, २-३-९ ला आपले जुने १७, २-४-५ ला १९, २-४-८ ला ७, आणि २-३-१२ अन् २-४-६ दोघांनाही ११. ते शेवटचे दोन एकत्र द्या, दोन घरं, दोन्ही घरात ११ च शेळ्या, पण हिस्से वेगळे, आणि दोन्हीकडे एकच शेजारीण आपली शेळी घेऊन येते. उंट आपल्याकडे कुठे, शेळ्याच बऱ्या.

गुंठामंत्री

शहाण्याने सांगितलंय ते बरोबर आहे पण मी एक अस्सल मराठी कोडं देतो, हे दुसऱ्या कुठल्या राज्यात चालणारच नाही.

"एका भावाला जमिनीचा तिसरा हिस्सा मिळाला, दुसऱ्याला चौथा. दोघांचा मिळून काय झाला?"

उत्तर: सातबारा 😂

१/३ + १/४ = ४/१२ + ३/१२ = ७/१२. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, त्याचा अपूर्णांकाशी काडीचा संबंध नाही हे मान्य, पण पोरांनी घरी तलाठी, उतारा, फेरफार हे शब्द इतक्या वेळा ऐकलेले असतात की हे उत्तर आलं की वर्गात एकच गलका होतो आणि १/३ अधिक १/४ जन्मात विसरत नाहीत. माझ्या पुतण्याला विचारलं होतं, तो आधी २/७ म्हणाला, मी म्हटलं असा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो रे.

आता हेच मोठं करा. "थोरल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला चौथा, आणि राहिलेली २५ गुंठे आत्याला. जमीन किती?" उरले ५/१२, ते २५ गुंठे, म्हणजे १/१२ झाला ५ गुंठे, एकूण ६० गुंठे, दीड एकर. थोरला २०, धाकटा १५, आत्या २५. नीट बघा, सगळ्यात जास्त आत्याला! कारण आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली नाही. हे वर्गात सांगायचं का नाही ते बाई तुम्ही ठरवा, आमच्या गावात सांगितलं तर दोन घरात चूल पेटणार नाही.

यात एक बारीक मुद्दा आहे जो शहाणेभाऊंच्या उदाहरणात आला नाही, तिथे शेवटी १/२० उरला म्हणून उरलेली मुलं कितीही ठेवा चालतं. इथे वर ५ उरलाय, म्हणून आत्याची जमीन ५ च्या पटीतच पाहिजे, नाहीतर गुंठ्याचे तुकडे पडतात. म्हणजे नवीन कोडं करताना उरलेल्याचा अंश बघायचा आणि उत्तराचा आकडा त्याच्या पटीत ठेवायचा.

एडिट: आधी आत्याला २४ गुंठे लिहिले होते, बायकोने चूक काढली. तिचं माहेर पण जमीनवालंच आहे.

सरळसोट

मला एक कळत नाही, एवढा खटाटोप कशासाठी? स्कॉलरशिपला दीड तासात ७५ प्रश्न असतात, तिथे कुणी उंट उसना आणत बसणार आहे का? तिरकस गुणाकार शिकवा. वरचा डावा गुणिले खालचा उजवा, वरचा उजवा गुणिले खालचा डावा, बेरीज वर, छेदांचा गुणाकार खाली. दहा सेकंदात उत्तर. माझी दोन्ही मुलं अशीच शिकली. कोडी सुट्टीत सोडवायची.

गुंठामंत्री

@सरळसोट दोन हिस्सेदार असतील तर तिरकस ठीक आहे. आमच्याकडे एका गटात नऊ नावं असतात.

सोळाआणे

वरची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, टायपिंग हळू आहे, चुकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या वेळी समच्छेद हा शब्द खूप उशिरा भेटला, त्याआधी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ होती. बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळायची आणि गुरुजींची छडी अडखळत नसे. त्यामुळे पाव आणि अर्धा मिळून पाऊण हे आम्हाला गणित वाटतच नव्हतं, ते भाषेतच होतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, प्रत्येकाला स्वतःचं नाव. तिसऱ्या हिश्शाला मात्र असं लाडकं नाव नाही बघा. मापातही तेच, आमच्याकडे दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळे दुपटीचे खेळ. तिथे लसावि काढायची गरजच पडत नाही, सगळ्यात मोठा छेद असेल तोच चालतो. गोंधळ सुरू होतो तो तीन आत घुसल्यावर. म्हणून बाई, कोडी करताना सुरुवात १/२, १/४, १/८ ने करा, पोरांना खात्री वाटू द्या की मोठा छेद घेतला की काम झालं, आणि मग हळूच एक १/३ सोडा. बघा कसे थबकतात.

आमचा रुपया मात्र तीनला घाबरत नसे. सोळा आणे, आण्याला बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिसरा हिस्सा म्हणजे ५ आणे ४ पै, सहावा २ आणे ८ पै, बारावा १ आणा ४ पै, सगळं चोख. रुपया हाच आमचा समच्छेद होता म्हणा ना. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे १०० झाले, आणि तिसरा हिस्सा गेला. बदल्यात पाचवा हिस्सा आला, तो जुन्या रुपयात बसत नव्हता. मी तेव्हा तिसरीत.

त्या काळातलं एक खरंखुरं कोडं देतो. एक आणा म्हणजे हिशोबाने सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैशाचं नाणं नाही, म्हणून एका आण्याला ६ नवे पैसे मिळायचे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५. आता मुलांना सांगा, गण्याने चार वेळा दुकानात जाऊन एकेक आणा मोडला, त्याला मिळाले २४. त्याच्या बहिणीने एकदम चार आणे मोडले, तिला मिळाले २५. गण्याचा एक पैसा गेला कुठे? आम्ही भावंडं यावर अक्षरशः भांडलो होतो, कारण त्या एका पैशाला तेव्हा किंमत होती. पाव पैसा चार वेळा दुकानदाराकडे राहिला, एवढंच उत्तर, पण पाव अधिक पाव अधिक पाव अधिक पाव हे माझ्या डोक्यात त्या दिवशी जे बसलं ते औटकीने बसलं नव्हतं.

आणि २/५ वाल्या मुलांसाठी एक. त्यांना चूक आहे म्हणून सांगू नका. विचारा, "मी अर्धी भाकरी खाल्ली. भूक भागली नाही म्हणून आणखी तिसरा हिस्सा खाल्ला. तुझ्या हिशोबाने पोटात आता २/५ भाकरी. पण २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी! मग खाल्ल्यावर पोटातली भाकरी कमी कशी झाली?"

खडूफळा

काका, भाकरीचं कोडं आजच विचारलं! एक मुलगी बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "बाई, मध्ये उलटी झाली असेल." 🤦‍♀️ पण मग तिनेच कागदाची पट्टी घेऊन घड्या घातल्या आणि ५/६ वर आली. आमच्याकडे साहित्य म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, त्याच्या १२ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापून ठेवल्यात, अर्धी ६, तिसरा हिस्सा ४, पाव ३, सगळं पूर्ण सेंटीमीटरमध्ये येतं.

@सरळसोट तुमचं म्हणणं चूक नाही हो, परीक्षा आमच्याही मुलांना द्यायचीच आहे. पण तिरकस गुणाकार येणारीच मुलं २/५ पण लिहितात, ज्या दिवशी जे आठवेल ते.

मोदकपात्र

मी अमेरिकेत असते, इथे स्वयंपाकाची मापं म्हणजे कप, एक, अर्धा, १/३ आणि १/४ असा चार कपांचा सेट घराघरात असतो. गणपतीत उकड काढताना अर्धा कप सापडेना (नंतर तो अंगणात वाळूत सापडला, तो वेगळा विषय) तेव्हा लेकीला सहज म्हटलं, तुझ्याकडे फक्त १/३ आणि १/४ चे कप आहेत, मला १/१२ कप तांदळाची पिठी काढून दे. ती पाचवीत आहे, भिन्नछेद नुकतेच शाळेत झालेले. पाच मिनिटं नुसती कपांकडे बघत बसली, मग १/३ कप भरला, त्यातून १/४ कप काठोकाठ भरून घेतला आणि मोठ्या कपात जे उरलं ते माझ्यासमोर धरलं. १/३ - १/४ = १/१२. ओट्यावर पिठी सांडली होती पण मी काही बोलले नाही.

मग आम्ही वेड्यासारखं तेच खेळत बसलो. १/६ कसा काढायचा, तेच दोनदा करून. ५/१२? दोन वेळा १/३ घ्या आणि त्यातून १/४ काढून टाका. ७/१२ तर तुमचा सातबारा, दोन्ही कप एकेकदा. शेवटी मी विचारलं १/८ काढ बघू. खूप खटपट केली, नाही जमलं, आणि जमणारच नाही, कारण तिसऱ्या आणि चौथ्या हिश्शांची कितीही बेरीज-वजाबाकी केली तरी उत्तर बाराव्या हिश्शातच येतं आणि १/८ म्हणजे दीड बारावा हिस्सा, तो कसा येईल. "दोन्ही कपांना मोजू शकेल असा सगळ्यात मोठा चमचा कुठला", तर १/१२ वाला, तोच समच्छेद. मला स्वतःला शाळेत लसावि का काढतात ते कधी कळलं नव्हतं, काढा म्हटलं की काढायचो. ते या वयात पिठी मोजताना कळलं.

खडूफळाताई, कप नसले तरी तुमच्या १२ सेंटीमीटरच्या पट्ट्यांवर हेच होईल. ४ ची पट्टी आणि ३ ची पट्टी, एवढ्या दोनच देऊन १ सेंटीमीटर मोजायला सांगा.

पंधरावा भुंगा

माझ्या नावातच उत्तर आहे त्यामुळे कोडं फुटलं असं समजा, पण तरी सांगतो कारण हा धागा त्याच्याशिवाय अपुरा वाटतोय.

समच्छेद हा शब्द पाठ्यपुस्तकवाल्यांनी काढलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती लिहिली, त्यात अपूर्णांकांच्या नियमांत हाच शब्द आहे, आणि नियमही तोच, एकाच्या हराने दुसऱ्याचे अंश-हर गुणायचे, म्हणजे @सरळसोट यांचा तिरकस गुणाकार साडेआठशे वर्षांहून जुना आहे, अभिनंदन. आणि तोच माणूस त्याच पुस्तकात कोडीही घालतो, सुट्टीची वाट बघत नाही.

भुंग्यांचं कोडं असं, की भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, या दोघांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केवडा आणि मालती या दोघींच्या वासाने वेडा होऊन मधल्यामध्ये घिरट्या घालत राहिला. किती भुंगे? बाई, आता याची वीण बघा. छेद फक्त दोन, ५ आणि ३, लसावि १५. ३/१५ आणि ५/१५, फरक २/१५, तिप्पट ६/१५. बेरीज १४/१५. उरला एक. म्हणजे १५. एकूण आकडा झाकलेला आहे, उघडा फक्त तो एकटा भुंगा. शहाणेभाऊंनी वर जी युक्ती सांगितली तीच. पण "फरकाच्या तिप्पट" ही वर एक गाठ मारलीय, त्यामुळे समच्छेद बेरजेच्या आधी वजाबाकीसाठीच करावा लागतो. मला विचाराल तर कारागिरी इथे आहे, तिसरा आकडा थेट द्यायचा नाही, पहिल्या दोघांच्या नात्यातून द्यायचा.

त्यातलंच दुसरं कमळांचं, तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, आणि उरलेली ६ गुरूंच्या पायाशी. ३, ५, ६, ४ चा लसावि ६०, बेरीज ५७/६०, उरला १/२०, म्हणून कमळं १२०. इथे चारही छेद एकमेकांशी गुणलेत तर ३६० होतात, तिरकस करत गेलात तर पान भरेल.

चाळीसगावच्या जवळ पाटणादेवीला कधी गेलात तर तिथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची नोंद त्यात आहे. मी पावसाळ्यात गेलो होतो, खाली धवलतीर्थाचा धबधबा आणि वर कुडा सापडतो का शोधत फिरत होतो. सापडला, पण भुंगा एकही नव्हता.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. गोष्टीत "उरलेल्यांपैकी" हा शब्द चुकूनही घालू नका. "निम्मे आंबे विकले, उरलेल्यांपैकी तिसरा हिस्सा वाटला" म्हटलं की तिथे बेरीज राहत नाही, गुणाकार होतो, १/२ चा १/३, आणि समच्छेद पुन्हा खिडकीतून पळाला. "एकूण आंब्यांपैकी" असंच म्हणायचं, दर वेळी, कंटाळा आला तरी. किंवा मुद्दाम दोन कोडी शेजारी शेजारी द्या, फक्त तो एक शब्द बदलून, आणि उत्तरं वेगळी का आली ते त्यांनाच शोधू द्या.

सरळसोट

बरं बाबा, हरलो. भुंग्यांचं कोडं मोठ्या मुलाला विचारलं, नववीत आहे, त्याने क्ष धरून सोडवलं. धाकट्याने क्ष न धरता सोडवलं, मोठ्याच्या आधी. घरात शांतता आहे.

उंटावरचा शहाणा

@खडूफळा तुम्ही सगळी कोडी स्वतः करू नका हो. मुलांना दोन छेद द्या आणि कोडं त्यांना करू द्या, गोष्ट त्यांची. आकडे फसले तर शेजारचाच ओरडेल, "अर्धा मुलगा आला!"

खडूफळा

काल झाला कार्यक्रम, उशीर झाला लिहायला. सगळ्यांचे मनापासून आभार.

काय काय झालं ते थोडक्यात. सातबारावर अपेक्षेप्रमाणे गलका, साहेब पण हसले (केंद्रप्रमुख आले होते). आत्या मी गाळली. काकांचं आणे-पैशाचं कोडं पोरांना समजावून सांगायलाच दहा मिनिटं गेली कारण आणा म्हणजे काय हेच माहीत नाही, पण एकीची आजी भाषणाला आली होती, ती उठून "खरं आहे, खरं आहे" म्हणत आपलीच गोष्ट सांगायला लागली, मग कोडं राहिलं बाजूला. पट्ट्यांचा १ सेंटीमीटर तीन मुलांना लगेच जमला, बाकीच्यांनी त्यांचं बघून केला, चालायचंच.

मग शहाणेभाऊंचं ऐकलं आणि कोडी त्यांनाच करायला लावली. बरीचशी फसली. एकाच्या कोड्यात सव्वा म्हैस आली. एकीने १/२, १/३ आणि १/४ घेतले आणि बेरीज १३/१२ आली, म्हणजे लग्नातल्या पंक्तीत जेवायला बसलेल्यांपेक्षा जेवलेले जास्त, त्यावर तिचं म्हणणं असं की बाई लग्नात असंच होतं.

शेवटी तो मागच्या बाकावरचा उठला, अर्ध्या मुलाचा शोध लावणारा. त्याने कागदावरून वाचलं, "आमच्या वर्गात येणाऱ्यांपैकी निम्मे चालत येतात, तिसरा हिस्सा एसटीने येतात, आठवा हिस्सा सायकलवर येतात आणि एक जण स्कुटीवर येतं. तर वर्गात येतात किती?" मी मनातल्या मनात समच्छेद केला, १२, ८, ३, तेवीस चोविसांश, उरला एक, म्हणजे २४. म्हटलं शाब्बास, आकडे अगदी बरोबर बसवलेस, पण आपला पट २३ आहे रे, एक जास्त झाला.

तर म्हणतो, "बाई, स्कुटीवर तुम्हीच येता ना."